मे महिन्यात घेतलेला गिझर

मित्रांनो, मी जुना आहे, ठेंगणा आहे आणि माझ्या पोटात एका वेळी सहाच लिटर पाणी मावते. गिझर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराच्या भिंतीवर लटकलेला एक लठ्ठ, पांढरा गृहस्थ येत असेल. मी तसा नाही. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा विचारतो, की हे फ्रीजचे स्टॅबिलायझर इथे कोणी लावले? या प्रश्नाची मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आत पत्र्याची छोटी टाकी, टाकीत पाणी तापवणारी कॉइल, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भोवती फोमचे जाड अस्तर आणि वरून चकचकीत पांढरे कवच. कपाळावर एक तांबडा दिवा. दिवा लागला की समजावे मी कामात आहे, विझला की पाणी तयार आहे. एका बाईंनी माझ्यात पाणी भरून, दाब देऊन, मी गळत नाही याची खात्री केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटले, आता बाहेर सगळे जग माझी वाट पाहत असेल.

तिथून मी नागपूरला, जरीपटक्याच्या बाजारातल्या एका दुकानात आलो. हिवाळाभर माझे मोठे भाऊ एकेक करून विकले गेले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघे, हसे आणि पुढे जाई. मग उन्हाळा आला आणि दुकानाचा दर्शनी भाग कूलरांनी बळकावला. नागपुरात उन्हाळ्यात कूलरला जो मान असतो तो घरच्या जावयालाही नसतो. मला मागे, कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांच्या ढिगाआड ढकलले गेले. लोक येत, कूलरची हवा अंगावर घेत आणि घामाने भिजलेला रुमाल माझ्या खोक्यावर वाळत टाकत.

अशातच मे महिन्यातल्या एका दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेले एक उंच, वयस्क गृहस्थ दुकानात शिरले आणि त्यांनी गिझर दाखवा म्हटले. दुकानाचे शेठ थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अंकल, कूलर बोलना था क्या आपको?"

गृहस्थांना कूलर नको होता. त्यांना गिझरच हवा होता, आणि तोही सहा लिटरचा. शेठजींनी मोठा दाखवला, तर ते म्हणाले, "मोजून आलो हाय मी. सहाच पाहिजे."

ते देवाजी. माझे मालक.

देवाजींविषयी थोडे सांगितले पाहिजे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रामटेकपासून उमरेडपर्यंत कितीतरी लोकांची शेते त्यांनी साखळी ओढून मोजली, भावाभावांचे तंटे मिटवले, आणि त्यांनी खुंटी ठोकली की ती कोणी हलवत नसे. निवृत्त झाल्यावर मोजायला शेते उरली नाहीत. मग ते घरात जे सापडेल ते मोजू लागले. चहात किती चमचे साखर, पंखा किती वेळ फिरला, नात रितिका आरशापुढे किती वेळ उभी राहिली. प्रताप नगरातल्या त्या घरात त्यांची बायको सिंधूताई, बँकेत काम करणारा मुलगा धम्मानंद, सून सरिता आणि शाळेत जाणारी रितिका अशी माणसे होती. सरिता एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या कामावर होती आणि तिला भल्या सकाळी घर सोडावे लागे.

त्या घरात आधी बादलीत सोडायची पाणी तापवायची सळई होती. आदल्या थंडीच्या शेवटी एकदा सळई चालू असतानाच सिंधूताईंनी बादलीत बोट घालून पाणी तापले का पाहिले, आणि विजेचा झटका बसून त्या मोरीतच मटकन बसल्या. जिवावरचे बोटावर निभावले. देवाजींनी त्याच दिवशी सळई भंगारात दिली आणि घरात गिझर यायचा असे ठरले. दुसरा कोणी असता तर सरळ दुकानात गेला असता. देवाजी म्हणाले, आधी मोजू, आणि मोजणी सुरू व्हायला मे उजाडला.

हे मोजमाप माझ्या येण्याआधीचे. पण देवाजींनी ते पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवले, की मला ते तोंडपाठ आहे.

त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारले, तुला आंघोळीला गरम पाणी किती लागते? मित्रांनो, प्रश्न चांगला होता. पण तो मे महिन्यात विचारला होता. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दहा वाजताच हात भाजेल इतके तापते. लोक आदल्या रात्री बादल्या भरून ठेवतात, पाणी जरा निवावे म्हणून. त्यामुळे धम्मानंद नुसता हसला. रितिका म्हणाली, तिला बर्फ लागतो. सिंधूताई म्हणाल्या, "मले काई नाही लागत." सरितेने मात्र प्रश्न मनावर घेतला. ती म्हणाली, "बाबा, हे थंडीत विचारा ना. आत्ता कोणाले सांगता येईन?"

देवाजींना ते पटले नाही. एकर पावसात मोजा की उन्हात मोजा, एकर तो एकरच, असे त्यांचे मत होते. त्यांनी सरितेकडूनच एक तापमापक मागून घेतला आणि नळाखालच्या बादलीत बुडवला. आंघोळीचे पाणी असावे चाळीस अंश. सकाळी नळाचे पाणी निघाले अडतीस. म्हणजे उरले काय, दोन अंश. तेवढ्यासाठी वीस लिटरच्या बादलीत कडक पाणी घालायचे ते जेमतेम दोन लिटर. माणसे आंघोळीला जाणार एकामागून एक, एकदम नव्हे. एकाची आंघोळ होईस्तो दुसऱ्याचे पाणी तापते. तेव्हा सहा लिटरचा गिझर म्हणजे चैनच.

या हिशोबात एकही चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त त्या हिशोबाप्रमाणे जगायचे तर बारा महिने मे असायला हवा होता.

मला न्हाणीघरात भिंतीवर बसवले. ही न्हाणी स्वयंपाकघर आणि मागचे अंगण यांच्या मधोमध आहे, तिला अंगणाकडे एक झडपांची खिडकी आहे, त्यामुळे घरातले सगळे बोलणे माझ्या कानावर पडते. पहिले सहा महिने माझे फार सुखात गेले. काम काहीच नव्हते आणि कौतुक पुष्कळ होते. पाहुणे आले की देवाजी त्यांना आधी पाणी देत आणि मग न्हाणीघरात आणून मला दाखवत. शेजाऱ्यांनी पंचवीस लिटरचा गिझर घेतला होता. देवाजींना त्यांची मनापासून कीव येई. मोजमाप न करता वस्तू घेतली की असे होते, असे ते खाली मान घालून म्हणत. मलाही त्या शेजारच्या गिझरची कीव येऊ लागली होती. सहवासाचा परिणाम असतो.

मग दिवाळी झाली, आणि एका पहाटे माझ्या खालच्या नळीतून जे पाणी आत शिरले त्याने मी दचकलो. ते पाणी ओळखीचे नव्हते.

डिसेंबरात नागपूर कसे गारठते ते नागपूरकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात अडतीस अंशांनी येणारे पाणी आता सोळा अंशांनी येत होते. दोन अंशांची वाट चोवीस अंशांची झाली. एका बादलीला आता माझ्याकडून अकरा लिटर कडक पाणी हवे होते. माझ्यापाशी होते सहा. मी जीव तोडून तापत होतो, पण नळ सोडला की अर्धी बादली भरेस्तोवर धार कोमट व्हायची आणि मग सरळ थंड. आंघोळ करणाऱ्याने थांबायचे, माझा दिवा विझायची वाट बघायची, मग पुन्हा नळ सोडायचा. तोवर बाहेर दुसरा दार वाजवत उभा.

त्या घरातल्या सकाळी फार आवाजी झाल्या. रितिका डोक्याला शाम्पू लावून, डोळे मिटून, भिंतीला टेकून माझ्या दिव्याची वाट पाहत उभी राही आणि तिकडे तिची स्कूलबस भोंगा वाजवून निघून जाई. धम्मानंद अर्धी दाढी करून बाहेर येई आणि उरलेली स्वयंपाकघरातल्या चहाच्या पाण्याने उरके. सरिता कधी कधी नुसते तोंड धुऊन कामावर जाई. रितिकेने माझे नाव 'कटोरी' ठेवले. "आजोबा, आपली कटोरी आज पण फेल झाली," असे ती जाता जाता सांगे.

देवाजी माझी बाजू घेत. दोष गिझरचा नाही, तुमच्या आंघोळीचा आहे, असे त्यांचे म्हणणे. एका रविवारी त्यांनी अंगणात सगळ्यांना बसवून, कोरड्या बादलीवर आणि रिकाम्या मगाने, कमी पाण्यात आंघोळ कशी करावी याचे प्रात्यक्षिकही दाखवले. सगळ्यांनी मान डोलावली. सोमवारी पुन्हा दार वाजू लागले.

तरीही हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण त्याच महिन्यात देवाजींची धाकटी मुलगी प्रणाली, जिचे सासर उमरेडला आहे, नागपूरलाच बाळंत झाली आणि दवाखान्यातून बाळाला घेऊन माहेरी आली. घरात गडबड उडाली. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला जनाबाई येऊ लागल्या. जनाबाई अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. वस्तीतल्या अर्ध्या मुलांना त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातले होते आणि ती मुले मोठी होऊन भेटली, तर त्या अजूनही त्यांना लंगोटातलेच समजत.

पहिल्या दिवशी जनाबाईंनी आधी प्रणालीला न्हाऊ घातले. त्यात माझे होते नव्हते ते पाणी संपले. मग त्या पाटावर पाय पसरून बसल्या, बाळाला पायावर पालथे घेतले, अंगाला तेल आणि बेसन चोळले आणि माझा नळ सोडला. मी अजून अर्धवटच तापलो होतो. धार आधी कोमट आली आणि पुढे गार झाली. बाळाने असा टाहो फोडला की अंगणातले कबुतर उडाले. जनाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही.

"सिंधूताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "याच्यापेक्षा माहा थर्मास मोठा हाय."

सिंधूताई धावत जाऊन गॅसवरचे पातेले घेऊन आल्या, बाळ गरम पाण्यात आले, रडे थांबले. कोणाला काही झाले नाही. पण त्या वेळी देवाजी दाराबाहेर पंचा घेऊन उभे होते. सगळे बोलून झाल्यावर, सगळे निघून गेल्यावर ते आत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या कवचावरचा सहाचा आकडा त्यांनी बोटाने पुसून पाहिला, जणू त्याखाली दुसरा आकडा असावा.

दुसऱ्या सकाळी एक नवल घडले. देवाजींनी जाहीर केले, की आजपासून सगळ्यात आधी आंघोळ ते करतील आणि त्यांच्यामागून लगेच सरिता जाईल. त्यांनी बाहेरचे बटण दाबले, मी तापलो, माझा दिवा विझला. ते आत आले, कडी लावली, माझ्या नळाकडे हात नेला आणि तो न सोडताच मागे घेतला. मग शेजारचा थंड पाण्याचा नळ सोडून त्यांनी बादली भरली. मला वाटले, विसरले असतील. पण ते विसरले नव्हते. त्यांनी पंच्याचे टोक दातांत धरले, डोळे मिटले आणि पहिला मग अंगावर ओतला.

मित्रांनो, थंडीने माणसाच्या तोंडून जो आवाज निघतो, तो आवाज दाबून त्या जागी दुसरा काढणे फार अवघड असते. देवाजी ते करत. पंचा तोंडातून काढून ते मोठ्याने म्हणत, "वा. काय कडक पाणी हाय." आणि पुढचा मग ओतत. दात वाजायला लागले की हातातला मग बादलीवर आपटत, म्हणजे बाहेर नुसती आंघोळीची खडखड ऐकू जाई. लालबुंद होऊन ते बाहेर येत आणि सगळ्यांना सांगत, पाहा, एका माणसाला किती थोडे पाणी पुरते.

त्यांच्यामागून सरिता येई, आणि तिला सहाच्या सहा लिटर कढत पाणी मिळे. ती वेळेवर कामावर जाऊ लागली. पुढच्यांचाही नंबर लवकर लागू लागला. जनाबाई आल्या की मी ताजा, पूर्ण तापलेला असे. घरातली भांडणे निवली. रितिकाही म्हणाली, की कटोरी सुधारली. सगळे मला शाबासकी देत होते, आणि तिथे वर लटकून मी ती ऐकत होतो. मला खरे काय ते सांगायचे होते. पण माझ्यापाशी बोलायला एक दिवा आणि थोडी गुरगुर, एवढेच. मी पुष्कळ गुरगुरलो. सिंधूताई म्हणाल्या, याच्यात हवा अडकली वाटते.

असे बरेच दिवस चालले. मधे थंडीची लाट आली. देवाजींना आधी शिंका सुरू झाल्या, मग खोकला. सिंधूताईंनी काढा केला, धम्मानंदने कानटोपी आणली. देवाजी काढा पीत, कानटोपी घालत आणि सकाळी पुन्हा पंचा दातांत धरत.

एका सकाळी सरिता न्हाणीत आली. केसांना चाप लावायला तिने आरशाकडे पाहिले आणि तशीच थांबली. गरम पाण्याने आंघोळ झाली की आरसा वाफेने पांढरा होतो, हे तिला ठाऊक होते. तिच्या स्वतःच्या आंघोळीनंतर तो रोज होई. आत्ता, नुकतीच एका माणसाची आंघोळ होऊनही, तो लख्ख होता. तिने खाली वाकून बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोटे घातली आणि झटकन मागे घेतली. मग तिने माझ्या गरम पाण्याच्या नळीला हात लावला. नळी गार होती. त्या सकाळी त्या नळीतून थेंबभर पाणी गेले नव्हते. सरिता रोज कितीतरी लोकांचे रक्त काढते, गार पडलेले हात तिला ओळखता येतात; बाबांचे हात रोज सकाळी का गार असतात, ते तिला आता कळले. मग आंघोळ न करताच दार उघडून अंगणात गेली.

देवाजी अंगणात कोवळ्या उन्हात घोंगडी पांघरून बसले होते. चहाचा गरम कप त्यांनी दोन्ही तळहातांत धरला होता. खिडकीतून मला ते दोघेही दिसत होते.

"बाबा, झाली आंघोळ?" सरितेने विचारले.

"झाली ना. मस्त कडक पाणी होतं."

"मंग आरसा काहून कोरडा आहे?"

रात्रीतून बांधाचा दगड सरकवणारी माणसे देवाजींनी आयुष्यात पुष्कळ पकडली होती. त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा कसा होत असे, ते मला त्या दिवशी कळले. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुरत नाही ना वं, सरिता," ते म्हणाले. "त्या दिवशी लेकरू किती रडलं. आता एक जण मांगं सरला, तर बाकीच्याइले पुरून राहिलं."

सरिता त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिला कामावर जायला उशीर होत होता, तरी बसली.

"तुमचा हिशोब बरोबर आहे बाबा," ती म्हणाली. "फक्त त्याच्यात तुम्हीच नाही."

देवाजींना यावर काहीतरी उत्तर द्यायचे होते. पण त्यांना लागोपाठ शिंका आल्या आणि तो विषय तिथेच संपला.

दुपारपर्यंत त्यांना सणसणून ताप भरला. डॉक्टर आले, औषध झाले, दोन गोधड्या आणि वर घोंगडी असे त्यांना झाकून ठेवले. तापापेक्षा सिंधूताईंचे बोलणे जड होते. त्या पलंगाजवळ बसून भाजी निवडत आणि निवडता निवडता बोलत, म्हणजे बोलण्याला खंड नसे. म्हातारपणी थंड पाण्याने आंघोळ करून कोणती मोजणी होते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. देवाजी गोधडीतून हूं म्हणत.

ताप उतरला आणि त्यांनी पडल्या पडल्या घरातल्या सगळ्यांना बोलावले. पुन्हा मोजायचे, ते म्हणाले. आता, याच थंडीत. आणि या वेळी कोणी लाजायचे नाही.

मग जे बाहेर आले ते ऐकून मी थक्क झालो. रितिकेने कबूल केले, की केस धुवायच्या दिवशी तिला दोन बादल्या लागतात. धम्मानंदने खाली बघत सांगितले, की आंघोळ झाल्यावर तो काही मग नुसतेच पाठीवर ओततो, कारण बँकेत जायच्या आधी तेवढेच बरे वाटते. प्रणालीने सांगितले, की तिला अंग शेकायला हवे तेवढे पाणी मिळतच नाही, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती. सरितेने तापमापक पुन्हा बादलीत घातला, आणि देवाजींनी पलंगावरून तोंडी हिशोब केला. हिशोब झाल्यावर ते उठून बसले आणि म्हणाले, शंभर लिटरचा घेऊ. पुढे बाळाचे नाव ठेवायला उमरेडची सगळी मंडळी येतील, त्यांचीही सोय होईल.

यावर सरितेने त्यांना थांबवले. दिवसभरात किती पाणी लागते, हा प्रश्नच नाही, ती म्हणाली. सगळ्यांची घाई असते त्या सकाळच्या तासाभरात एकामागून एक किती लागते, ते पाहायचे. पाहुणे एक दिवस येतील, पण मोठी टाकी वर्षभर उगाच तापत राहील. शिवाय जनाबाईंना दुपारी बोलावले तर टाकीचे पाणी तोवर उन्हाने निम्मे तापलेले असते, आणि सकाळचा भारही हलका होतो. देवाजींनी डोळे मिटून हे सगळे आतल्या आत मोजले. मग म्हणाले, "पंचवीस." शेजाऱ्यांच्या घरी जेवढ्याचा होता, बरोबर तेवढा. ही गोष्ट कोणीच बोलून दाखवली नाही. चांगल्या घरची माणसे होती.

नवा गिझर आला आणि माझे दिवस फिरले. मला भिंतीवरून काढले, तेव्हा माझ्या नळीतून मूठभर पांढरे क्षार खाली पडले. बोअरच्या पाण्याने ते माझ्या पोटात साठत होते आणि मी थोडा उशिरा तापतो म्हणून बोलणी खात होतो. कोणी कधी उघडून पाहिले नव्हते. मला गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले. शेजारी कूलर होता. उन्हाळा येताच बापलेकांनी मिळून त्याला हात लावून, जपून खाली उतरवले, नव्या ताट्या बसवल्या. मला कोणी गोणपाटाबाहेरही काढले नाही. गोणपाटाला एक भोक होते. त्यातून मला स्वयंपाकघराची मोरी आणि वरची मांडणी दिसे. माझे जग एवढेच उरले होते. बाळ उमरेडला गेले, पाऊस आला आणि गेला, कूलर परत वर आला.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सगळे आपापल्या कामाला गेले होते. देवाजी चहाचा रिकामा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले. सिंधूताई मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासत होत्या. त्यांनी एक पातेले थंड नळाखाली विसळले, बाजूला ठेवले आणि मग दोन्ही हातांची बोटे गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या दुधाच्या भांड्याला लावून ठेवली. थोड्या वेळाने पुढचे पातेले घेतले. ते विसळून झाल्यावर पुन्हा तसेच. त्यांची बोटे सांध्यांपाशी सुजलेली होती. वरून मी हे रोज पाहत होतो. देवाजी पहिल्यांदा पाहत होते.

आंघोळीचे पाणी सगळ्यांना विचारले होते. भांड्यांचे कोणाच्या मनातही आले नव्हते, कारण ती सिंधूताई घासत आणि त्यांनी कधी काही मागितले नव्हते.

देवाजींनी त्यांना काही विचारले नाही. विचारले असते तर काय उत्तर आले असते, ते त्यांना पाठ होते. त्यांनी स्टूल ओढले, त्यावर चढले आणि गोणपाटासकट मला खाली उतरवले. शिडी-स्टुलावर चढायचे वय राहिले का, असे सिंधूताई म्हणत राहिल्या. देवाजींनी मला अंगणात नेऊन उघडले, माझ्या पोटातले क्षार खरवडून काढले, नळ्या धुतल्या आणि दुपारी माणूस बोलावून मला मोरीच्या वर भिंतीवर बसवले. न्हाणीघरात मी फार छोटा होतो. इथे मी अगदी बेताचा होतो. भांड्यांना सहा लिटर म्हणजे भरपूर.

माझा दिवा विझल्यावर देवाजी म्हणाले, "सोड आता नळ."

सिंधूताईंनी नळ सोडला. धारेखाली भांडे धरले नाही. नुसते हात धरले, उलटे केले, सुलटे केले आणि तसेच धरून उभ्या राहिल्या. पाणी मोरीत वाहत होते. आंघोळीचे मग मोजणारे देवाजी ते वाहणारे पाणी नुसते बघत होते, मोजत नव्हते.

त्याला आता काही वर्षे झाली. माझे कवच पिवळे पडले आहे, दिव्याचे झाकण उडाले आहे. पण वर्षातून एकदा, थंडी पडायच्या आत, देवाजी मला स्वतः उघडतात आणि साफ करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी भिंतीवर माझ्यासारखा कोणी असेल. त्याच्या पोटात क्षार साठतात, ते तो सांगू शकत नाही, म्हणून तुम्हीच अधूनमधून पाहत जा. आणि तुमच्या घरात कधी कोणती वस्तू मोजूनमापून घ्यायची वेळ आली, तर ज्याला ती सगळ्यात जास्त हवी त्याला विचाराच. पण "मला काही लागत नाही" असे जो म्हणेल, त्याच्यासाठी न विचारता थोडे जास्त धरा.

आता बोलणे पुरे करतो. जेवणे आटोपली आहेत, सिंधूताई ताटे गोळा करून इकडेच येत आहेत, आणि मला तापायला अजून थोडा वेळ लागणार आहे.